पार्टिशन बदललं आणि ग्रब अडला: ड्युअल बूट मशीन सुरू होत नसेल तर

विंडोजची जागा थोडी कमी केली, मधलं एक जुनं पार्टिशन उडवलं, मोकळी जागा लिनक्सला जोडली आणि मशीन रीस्टार्ट केलं. आता काळ्या स्क्रीनवर 'ग्रब रेस्क्यू' एवढे दोनच शब्द आहेत, विंडोजही नाही आणि लिनक्सही नाही. अशा वेळी आधी एकच करा: काहीही फॉरमॅट करू नका आणि घाबरून लिनक्स नव्याने टाकायलाही बसू नका. तुमचा डेटा बहुतेक वेळा जिथल्या तिथे असतो. चुकलेला असतो तो फक्त पत्ता.

मशीन सुरू होताना एक प्रोग्रॅम दुसऱ्याला शोधतो आणि दुसरा तिसऱ्याला. फर्मवेअर (मशीनमधला पहिला प्रोग्रॅम, जुना बायोस किंवा नवा यूईएफआय) बूटलोडरला शोधतं, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमला. लिनक्सचा असा बूटलोडर म्हणजे ग्रब. बूटलोडर आपली कॉन्फिग फाइल शोधतो, मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उचलतो. कर्नल रूट पार्टिशन, म्हणजे ज्यावर लिनक्स टाकलेलं आहे ते, शोधतो, आणि शेवटी लिनक्स एफएसटॅब या फाइलीत लिहिलेली बाकीची पार्टिशनं जोडून घेतं. यातल्या प्रत्येकाने पुढच्याचा पत्ता आधीच लिहून ठेवलेला असतो. गोम अशी की सगळे एकाच पद्धतीने पत्ता लिहीत नाहीत. कुणी पार्टिशनचा क्रमांक लिहितं, कुणी फाइल सिस्टिमचा यूयूआयडी (फॉरमॅट करताना मिळणारी ओळखखूण), कुणी पार्टिशनचा स्वतःचा जीयूआयडी (पार्टिशन बनवताना मिळणारी ओळखखूण), तर कुणी ते पार्टिशन डिस्कवर कितव्या सेक्टरपासून सुरू होतं तो आकडा. त्यामुळे तुम्ही नेमकं काय केलंत यावर कुठली कडी तुटणार हे ठरतं.

पार्टिशन शेवटच्या बाजूने लहान किंवा मोठं केलं, तर यातलं सहसा काहीच बदलत नाही. सुरुवातच पुढे-मागे सरकवली, तर यूयूआयडी तोच राहतो पण सुरुवातीचा सेक्टर बदलतो. फॉरमॅट मारला, तर क्रमांक तोच राहतो आणि यूयूआयडी नवा येतो. उडवून त्याच जागी पुन्हा बनवलं आणि फॉरमॅट केलं, तर यूयूआयडी आणि जीयूआयडी दोन्ही नवे. आणि पार्टिशनांचा तक्ता जुन्या एमबीआर पद्धतीने लिहिलेल्या डिस्कवर एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आतलं एखादं लॉजिकल पार्टिशन उडवलं, तर त्याच्या मागच्या सगळ्यांचे क्रमांक एकेकाने खाली येतात. पाचवं गेलं की सहावं पाचवं होतं. ज्या पार्टिशनला तुम्ही बोटही लावलं नाही तेच सापडेनासं होतं, ते या कारणाने. जीपीटी या नव्या पद्धतीच्या डिस्कवर ही भानगड नाही. तिथे पाचवं उडवलं तरी सहावं सहावंच राहतं.

म्हणून दुरुस्तीला लागण्याआधी डिस्क एमबीआर आहे की जीपीटी हे पाहून घ्या. लाइव्ह लिनक्सचा (इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या लिनक्सचा) पेनड्राइव्ह लावून टर्मिनलमध्ये 'सुडो पार्टेड -एल' दिलं की 'पार्टिशन टेबल'पुढे 'एमएसडॉस' किंवा 'जीपीटी' दिसेल. एमएसडॉस म्हणजेच एमबीआर. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन छोट्या अक्षरांत आणि आकडेही रोमन पद्धतीचेच टाका.) मशीन मूळ विंडोज ११ घेऊन आलं असेल तर ते जीपीटी आणि यूईएफआयच असणार, हे धरून चालायला हरकत नाही.

'ग्रब रेस्क्यू' दिसतंय

हा संदेश मुख्यतः बायोस आणि एमबीआरवाल्या मशीनवर येतो. त्याचं कारण ग्रब कुठे राहतो यात आहे. एमबीआर म्हणजे डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर. त्यातले ४४६ बाइट बूट कोडचे, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या तक्त्याचे आणि शेवटचे २ बाइट खुणेचे. ४४६ बाइटांत अख्खा ग्रब मावणं शक्यच नाही. म्हणून पहिला तुकडा तिथे बसतो, दुसरा तुकडा एमबीआर आणि पहिलं पार्टिशन यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, आणि उरलेला सगळा संसार, म्हणजे मेन्यू आणि मोड्यूल, लिनक्सच्या 'बूट' फोल्डरमध्ये. दुसऱ्या तुकड्यात 'माझा संसार अमुक पार्टिशनवर आहे' एवढंच कोरलेलं असतं. ते पार्टिशन गेलं किंवा त्याचा क्रमांक बदलला की ग्रब तिथेच बसकण मारतो आणि 'नो सच पार्टिशन' म्हणतो.

रेस्क्यूमध्ये ग्रबला जेमतेम चार आज्ञा कळतात. पहिली 'एलएस'. ती दिली की अशी ओळ येते:

(एचडी०) (एचडी०,एमएसडॉस६) (एचडी०,एमएसडॉस५) (एचडी०,एमएसडॉस१)

आता एकेक पार्टिशन उघडून बघायचं. 'एलएस (एचडी०,एमएसडॉस५)/' असं द्या, शेवटची तिरकी रेघ विसरू नका. 'अननोन फाइलसिस्टिम' असं उत्तर आलं तर पार्टिशन खराब झालं असं समजू नका. या अवस्थेत ग्रबला फक्त स्वतःच्या पार्टिशनची फाइल सिस्टिम वाचता येते, विंडोजची एनटीएफएस त्याला परकीच वाटते. उत्तर 'हे नव्हे, पुढे जा' एवढ्याच अर्थाने घ्यायचं. ज्यात 'ईटीसी', 'होम', 'बूट', 'यूएसआर' अशी फोल्डरं दिसतील ते तुमचं लिनक्स. समजा ते ५ वर सापडलं, तर:

सेट रूट=(एचडी०,एमएसडॉस५)
सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस५)/बूट/ग्रब
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

बरोबर चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही. टॅब दाबून शब्द पुरा करायची सोयही इथे नसते, त्यामुळे सावकाश टाइप करा. 'बूट' वेगळ्या पार्टिशनवर असेल तर त्या पार्टिशनवर प्रीफिक्स नुसता '/ग्रब' असा होतो. बीटीआरएफएस फाइल सिस्टिमवर उबंटू असेल तर '/@/बूट/ग्रब'. फेडोरावर फोल्डरचं नाव 'ग्रब२' असतं. जमलं की नेहमीचा मेन्यू समोर येतो.

इथेच बहुतेक जण 'झालं एकदाचं' म्हणून उठतात. पुढच्या वेळी मशीन लावलं की पुन्हा तोच रेस्क्यू. कारण आत्ता दिलेला पत्ता फक्त मेमरीत होता, डिस्कवर जुनाच कोरलेला आहे. लिनक्स सुरू झाल्याबरोबर 'सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए' आणि मग 'सुडो अपडेट-ग्रब' द्यायलाच हवं. यात 'एसडीए' म्हणजे पूर्ण डिस्क, पुढे पार्टिशनचा आकडा लावायचा नाही. तुमची डिस्क वेगळ्या नावाची असू शकते, तेव्हा 'एलएसबीएलके' देऊन नाव बघूनच पुढे जा.

नुसतं 'ग्रब' आणि पुढे बाणाचं टोक

हा प्रकार वेगळा आहे आणि यूईएफआय मशीनवर जास्त दिसतो. इथे ग्रब पूर्ण चढलेला असतो, त्याला सगळ्या आज्ञा कळतात, फक्त मेन्यूची फाइल हाती लागलेली नसते. यूईएफआयमध्ये ग्रबची ईएफआय फाइल फॅट३२ फॉरमॅटच्या ईएफआय सिस्टिम पार्टिशनवर असते. तिच्याशेजारी तीनचार ओळींची एक छोटी ग्रब डॉट सीएफजी असते. तीत लिनक्स पार्टिशनचा यूयूआयडी आणि खरी कॉन्फिग कुठे आहे, एवढंच असतं. लिनक्सचं पार्टिशन फॉरमॅट झालं किंवा उडवलं की हा यूयूआयडी कुणाचाच राहत नाही.

लिनक्स मुद्दाम काढून टाकलं आणि आता नुसतं विंडोज हवं आहे, अशांना हाच संदेश छळतो. लिनक्सचं पार्टिशन गेलं, पण ईएफआय पार्टिशनवरचं 'उबंटू' फोल्डर आणि फर्मवेअरमधली त्याची नोंद तशीच राहिली. तूर्त विंडोजमध्ये शिरायचं असेल तर 'एक्झिट' टाइप करून बघा, पुष्कळ मशीन पुढच्या नोंदीकडे जातात. नाहीतर फर्मवेअरच्या बूट मेन्यूतून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडा आणि बूट क्रमात त्याला कायमचं वर आणा. प्रश्न तेवढ्यावरच सुटतो. उरलेलं फोल्डर पडून राहिलं तरी काही बिघडत नाही. साफसफाईच्या उत्साहात अख्खं ईएफआय पार्टिशन उडवू नका, विंडोजचा बूटलोडरही तिथेच आहे.

लिनक्स हवं आहे आणि ते शाबूत आहे, तर वर रेस्क्यूसाठी सांगितलेल्या सेट रूट, सेट प्रीफिक्स या ओळी इथेही चालतात, 'एमएसडॉस'च्या जागी 'जीपीटी' लिहायचं. त्यानेही जमलं नाही तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून दुरुस्ती करावी लागते. पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्येच सुरू झाला पाहिजे. '/सिस/फर्मवेअर/ईएफआय' हे फोल्डर दिसलं तर मोड बरोबर आहे. मग लिनक्सचं रूट पार्टिशन '/एमएनटी'वर माउंट करा, ईएफआय पार्टिशन '/एमएनटी/बूट/ईएफआय'वर, त्यानंतर डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन ही चार फोल्डरं बाइंड माउंट करून 'सीएचरूट'ने डिस्कवरच्या लिनक्सच्या आत जा आणि तिथून ग्रब-इन्स्टॉल व अपडेट-ग्रब चालवा. फेडोरावाल्यांनी यूईएफआय मशीनवर ग्रब२-इन्स्टॉलच्या नादी लागू नये. तिथे ग्रबची आणि शिमची (ग्रबच्या आधी चालणाऱ्या छोट्या बूटलोडरची) पॅकेजं पुन्हा इन्स्टॉल करणं हाच सरळ मार्ग.

एरर संदेशात 'नो सच डिव्हाइस' आणि पुढे यूयूआयडी आला असेल तर त्याची लांबी बघा, अर्धं निदान तिथेच होतं. चार आडव्या रेघांचा लांबलचक यूयूआयडी म्हणजे ईएक्सटी४सारखी लिनक्सची फाइल सिस्टिम. मधे एकच रेघ आणि दोन्ही बाजूंना चार-चार अक्षरं म्हणजे फॅट, म्हणजे बहुधा ईएफआय पार्टिशनच. रेघ नसलेली सलग १६ अक्षरं म्हणजे एनटीएफएस. लाइव्ह लिनक्सवर 'सुडो बीएलकेआयडी' देऊन यादी काढा आणि स्क्रीनवरचा यूयूआयडी तीत आहे का ते ताडून पाहा. नसेल, तर कुठलं पार्टिशन बदललं ते कळलं.

मेन्यू येतो, पण विंडोज निळी स्क्रीन दाखवतं

०एक्ससी००००००ई किंवा ०एक्ससी००००२२५ असे कोड आले तर ग्रबला बोल लावू नका, त्याने आपलं काम केलेलं आहे. विंडोज आपला पत्ता बीसीडी नावाच्या नोंदवहीत ठेवतं. जीपीटी डिस्कवर तो जीयूआयडीने असतो, एमबीआर डिस्कवर डिस्कची सही आणि पार्टिशनची सुरुवात यांच्यावरून. म्हणूनच जीपार्टेड या पार्टिशन बदलायच्या प्रोग्रॅममध्ये विंडोजच्या पार्टिशनची सुरुवात सरकवताना 'सिस्टिम बूट न होण्याची शक्यता आहे' असा इशारा येतो. तो वाचून बहुतेक जण ओके दाबतात.

दुरुस्ती विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून. रिपेअरमधून कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'डिस्कपार्ट'मध्ये 'लिस्ट व्हॉल्यूम' द्या, फॅट३२चं ईएफआय पार्टिशन निवडून 'असाइन लेटर=एस' करा आणि बाहेर या. मग 'बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय'. या वातावरणात विंडोजचं ड्राइव्ह अक्षर सी असेलच असं नाही. आधी 'डीआयआर' देऊन विंडोज फोल्डर कुठे दिसतं ते पाहा. हे केल्यावर विंडोज बूट मॅनेजर बूट क्रमात पहिला जातो आणि 'आता लिनक्सच गेलं' असं वाटतं. ते गेलेलं नसतं, फर्मवेअरमध्ये क्रम बदलला की परत येतं.

अशा प्रसंगी जो तो 'बूटरेक /फिक्सएमबीआर' मारायला सांगतो. जीपीटी डिस्कवर त्याचा काडीचा उपयोग नाही. एमबीआर डिस्कवर तो पार्टिशन तक्ता तसाच ठेवतो पण बूट कोड पुसून विंडोजचा टाकतो, म्हणजे ग्रब गेला. लिनक्स कायमचं काढायचं असेल तेव्हाच तो वापरावा, आणि लिनक्सचं पार्टिशन उडवण्याच्या आधी.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद ठेवणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर बूट क्रम किंवा सिक्युअर बूट (फक्त सही असलेले बूटलोडर चालू देणारी फर्मवेअरची सोय) बदलल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधी कागदावर उतरवून ठेवा. त्याच मशीनमधल्या फाइलीत ठेवून उपयोग नाही.

लिनक्स सुरू होतं, पण दीड मिनिट अडकून

हा त्रास छोटा आहे, पण रोजचा. स्क्रीनवर 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' आणि पुढे ९० सेकंदांची मोजणी. जवळजवळ नेहमी दोषी असतं स्वॅप पार्टिशन, म्हणजे मेमरी कमी पडली की लिनक्स वापरतं ती जागा. दुसरं एखादं लिनक्स टाकताना त्याच्या इन्स्टॉलरने तेच स्वॅप पुन्हा फॉरमॅट केलं, यूयूआयडी नवा झाला, आणि पहिल्या लिनक्सच्या एफएसटॅबमध्ये जुनाच राहिला. बीएलकेआयडीमधला नवा यूयूआयडी एफएसटॅबमध्ये घाला, किंवा स्वॅप नकोच असेल तर ती ओळ सुरुवातीला हॅश (#) लावून बंद करा. डेबियन आणि उबंटूवर हायबरनेटसाठी 'रिझ्यूम' नावाच्या फाइलीतही स्वॅपचा यूयूआयडी असू शकतो. तोही बदलून 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' द्या, नाहीतर अडकणं कमी होईल पण जाणार नाही.

स्वॅपऐवजी डेटाचं पार्टिशन हरवलं असेल तर लिनक्स थेट इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन पासवर्ड मागतं. ज्या पार्टिशनांशिवाय सिस्टिम चालू शकते त्यांच्या ओळीत 'नोफेल' हा पर्याय लिहून ठेवलात तर निदान मशीन अडून बसणार नाही.

दुरुस्त करूनही पुन्हा पुन्हा होतंय

रेस्क्यूमधून सुटका झाल्यावर ग्रब-इन्स्टॉल न करणं हे पहिलं कारण वर आलंच. दुसरं जास्त चकवणारं आहे. मशीनमध्ये दोन डिस्क असतात, ग्रब दोन्हींवर कधी ना कधी टाकलेला असतो, आणि बायोस सुरू होतो एकीवरून तर पॅकेज अपडेट ग्रब लिहितं दुसरीवर. मग पहिल्या डिस्कवरचा जुना ग्रब आणि बूट फोल्डरमधले नवे मोड्यूल यांचं जमत नाही. जुलै २०२०मध्ये ग्रबची मोठी सुरक्षा दुरुस्ती आली तेव्हा डेबियन आणि उबंटूच्या अशाच मशीनांवर 'सिंबल ग्रब_कॅलॉक नॉट फाउंड' असं म्हणत ग्रब अडला होता. यावर उपाय 'सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी'. तो ग्रब कुठल्या डिस्कवर टाकायचा ते विचारतो. खरोखर ज्या डिस्कवरून मशीन सुरू होतं तिच्यावर खूण करा, पार्टिशनांवर नाही. डिस्क बदलली किंवा क्लोन केली तर हे एकदा करायचंच.

आणि काही वेळा पार्टिशनांचा यात हातच नसतो. अपडेट-ग्रब केल्यावर मेन्यूतून विंडोज गायब झालं तर आधी '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब'मध्ये 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स' ही ओळ आहे का बघा. या फाइलीतलं नाव रोमन मोठ्या अक्षरांत असतं. ग्रब २.०६पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणं मुळातच बंद ठेवलेलं आहे. तसंच ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटनंतर कित्येक ड्युअल बूट मशीनांवर 'एसबॅट' शब्द असलेला सुरक्षेचा संदेश देऊन लिनक्स बंद पडलं होतं. तो सिक्युअर बूटचा मामला. तिथे यूयूआयडी तपासत बसलात तर दिवस जाईल आणि हाती काही लागणार नाही.

पुढच्या वेळी पार्टिशनला हात लावण्याआधी

विंडोजचं पार्टिशन विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच लहान करा, लिनक्सचं लाइव्ह पेनड्राइव्हवरच्या जीपार्टेडमधून. त्याआधी विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद हवं, 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' दिलं की झालं. ते चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि त्याची फाइल सिस्टिम उघडीच असते. जीपार्टेड अशा पार्टिशनला हात लावायला नकार देतो, तो योग्यच आहे, जबरदस्ती करू नका.

सुरुवात सरकवणं शक्यतो टाळाच. बूट तुटण्याची भीती आहेच, शिवाय अख्खा डेटा एका जागेवरून दुसऱ्या जागी कॉपी होत असतो आणि मधेच वीज गेली तर ग्रबची दुरुस्ती फार किरकोळ वाटेल असं नुकसान होतं. एमबीआर डिस्कवर चार प्रायमरी झाल्यावर डिस्क मॅनेजमेंटमधून पाचवं बनवू नका. विंडोज डिस्क 'डायनॅमिक' करू का म्हणून विचारतं, आणि हो म्हटलं की पार्टिशन तक्त्याची घडीच बदलते. लिनक्सच्या दृष्टीने तिथून परतणं कठीण आहे.

विंडोजची रिकव्हरी जागा वाढवायला निघाला असाल तर त्याचं कारण अनेकांच्या बाबतीत जानेवारी २०२४चं केबी५०३४४४१ हे अपडेट आहे. ते ०एक्स८००७०६४३ कोड दाखवून अडत होतं आणि मायक्रोसॉफ्टने रिकव्हरी पार्टिशन २५० एमबीने वाढवायला सांगितलं होतं. त्यात सी ड्राइव्ह शेवटाकडून लहान होतो आणि रिकव्हरी पार्टिशन नव्याने बनतं. ग्रबने यातल्या कुणाचाच पत्ता लिहिलेला नसल्यामुळे लिनक्सला सहसा धक्का लागत नाही. धोका आहे तो डिस्कपार्टमध्ये चुकीचा क्रमांक निवडण्याचा. लिनक्सची पार्टिशनं तिथे नावाशिवाय दिसतात, आणि 'डिलीट पार्टिशन ओव्हरराइड' खात्री करायला थांबत नाही. आकार ताडून पाहिल्याशिवाय एंटर दाबू नका.

तक्त्याची प्रत काढायला मिनिटभर पुरतं. जीपीटीसाठी 'सुडो एसजीडिस्क --बॅकअप=तक्ता /डेव्ह/एसडीए', एमबीआरसाठी 'सुडो एसएफडिस्क -डी /डेव्ह/एसडीए' आणि निघालेला मजकूर फाइलीत. ती फाइल, बीएलकेआयडीची यादी आणि 'सुडो ईएफआयबूटएमजीआर -व्ही'चं उत्तर, तिन्ही दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा. पार्टिशन चुकून उडालंच आणि त्या जागेवर अजून काही लिहिलं गेलं नसेल, तर या प्रतीवरून किंवा टेस्टडिस्क या हरवलेली पार्टिशनं शोधणाऱ्या प्रोग्रॅमने ते जसंच्या तसं परत आणता येतं. प्रतीवरून आणलं तर जीयूआयडीसुद्धा तेच राहतात आणि बूटलोडरला हात लावायची वेळच येत नाही. टेस्टडिस्कने आणलं तर यूयूआयडी तोच राहतो पण क्रमांक आणि जीयूआयडी बदलू शकतात, त्यामुळे त्यानंतर ग्रब-इन्स्टॉल, आणि विंडोजचं पार्टिशन असेल तर बीसीडीबूट, एकदा चालवून टाका.